शिंगराला उपाशी ठेवायचा महिना

११ जून, सकाळ
आजपासून शिस्त. नादामच्या जत्रेला एक महिना राहिला. दोन वर्षांच्या शिंगरांच्या शर्यतीत आमचं अबलख पळणार, आणि त्याला तयार करणार मी स्वतः. सगळं आयुष्य शाळेच्या बॉयलरवर काढलं. ज्याला वाफेचं प्रेशर कळतं, त्याला घोडा कळायला कितीसा वेळ? इथेही पोट आणि घाम, एवढंच बघायचं असतं.
नियम साधे आहेत. दिवसभर दोरीला बांधायचं. चरायला थोडा वेळच सोडायचं. पोट आत गेलं पाहिजे आणि घाम पाण्यासारखा निघाला पाहिजे. दयामाया नाही. दयेने आजवर कोणी शर्यत जिंकलेली नाही.

११ जून, दुपार
बांधलं. ते माझ्याकडे बघतंय. मी बघत नाही.

११ जून, संध्याकाळ
थोडं बघितलं.

१३ जून
डोल्गोर म्हणाली, म्हाताऱ्या, बॉयलर कधी उपाशी ठेवला होतास का? बायकोला या विषयातलं काही कळत नाही. मात्र तिचा मोठा भाऊ गोंबोजाव साऱ्या खोऱ्यात नावाजलेला ट्रेनर. त्याच्या तंबूत जिंकलेल्या घोड्यांची पदकं कपड्यांसारखी दोरीवर लटकवलेली. त्यामुळे तिला वाटतं, हे ज्ञान त्यांच्या घराण्यातच मुरलंय.

१४ जून
नवी पद्धत काढली. नाव : संयमाची परीक्षा. अबलखला रपेटीला घेऊन टेकडीखालच्या लाल खडकापर्यंत जायचं. तिथे तळहातावर आरूलचा एक खडा धरायचा. वाळवलेल्या दह्याचा तो वास नाकात जात असताना घोडा स्थिर राहिला, की समजायचं मनाने तयार झाला.
आज नापास. खडा खाल्ला.

१७ जून
परीक्षा रोज चालू. रोज नापास. परीक्षा कडक करावी म्हणून खडे दोन केले.

१८ जून
तंबूच्या छपरावर वाळत घातलेलं आरूल कमी होतंय, असं डोल्गोर म्हणते. मी घारींवर संशय व्यक्त केला. ती म्हणाली, घार टोपी घालून शिडीवर चढते का? उत्तर देणं माझ्या शिस्तीत बसत नाही.

२० जून
काल गोंबोजावकडे बैठक होती. आंबवलेल्या घोडीच्या दुधाचे वाडगे फिरत होते, सगळे शेजारी जमलेले. अबलख बाहेर बांधलं होतं. गोंबोजाव उठला, बाहेर अबलखच्या मागे जाऊन वाकला, लीद हातात घेऊन फोडली, हुंगली. आत येऊन म्हणाला, दाजी, हे शिंगरू शर्यतीला चाललंय की लग्नाला? सगळे हसले. पुढे म्हणाला, या पोटाचं घोडं हिवाळ्याच्या मांसालाच बरं. पातेलं मोठं घ्या म्हणजे झालं.
आता इथे माझ्यासारख्या माणसाने गप्प बसायचं? मी वाडगा वर धरला आणि सगळ्यांसमोर शब्द दिला : अबलख पहिल्या पाचांत आलं नाही, तर ते तुझं. कापून हिवाळ्याला खा.
वाडगा हातात धरून दिलेला शब्द मागे घेता येत नाही. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. गोंबोजावने वाडगा घेतला, प्यायला. झालं.
अबलखला जीपमागे बांधून हळूहळू घरी आणलं. येताना डोल्गोर जीपमध्ये पुढे बसली नाही. मागे मेंढीच्या कातड्यांवर बसली.

२१ जून
काळजीचं कारण नाही. पहिले पाच म्हणजे काही पहिला नव्हे. चार जण पुढे गेले तरी चालतात.

२४ जून
नात मिशील शहरातून आली. नऊ वर्षांची आहे, आणि अबलखवर तीच बसणार. गेल्या वर्षीही तिनेच एक घोडं पळवलं होतं. आल्याआल्या अबलखच्या गळ्यात पडली. मी समजावलं, हा खेळाडू आहे, लाड नकोत. तिने विचारलं, आजोबा, तुमच्या खिशाला ते का चाटतंय? मीठ, असं सांगितलं. घोड्यांना मीठ लागतं हे शास्त्र आहे.

२७ जून
पशुवैद्य ओदवाल बाई तंबूतंबूतून फिरत होत्या. म्हणाल्या, यंदा ऊन फार आहे, दोन वर्षांची पोरं आहेत ही, हाडं अजून कोवळी, उपाशी ठेवून पळवू नका, पाणी तोडू नका. मिशीलला हेल्मेट नीट घाल म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या आजोबांच्या काळी कोणी हेल्मेट घातलं होतं का? त्या म्हणाल्या, त्यातले किती जण आता सांगायला आहेत? नव्या शिक्षणाने माणूस उद्धट होतो.
गोंबोजावकडे त्यांना चहाही मिळाला नाही म्हणे. त्याचं तपकिरी शिंगरू बघून बाई तशाच परत फिरल्या. त्याच्या बरगड्या लांबूनही मोजता येतात.

२८ जून
अबलख तीनदा शिंकलं. जीप काढून ओदवाल बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, धूळ आहे. मी म्हटलं, पुन्हा बघा. पुन्हा बघितलं, आणि धूळच निघाली. काही झालं तरी ट्रेनरने सावध असावं.

२ जुलै
आज घाम काढायचा दिवस. अंगावर जाड घोंगडी टाकून अबलखला पळवलं, मग लाकडी पट्टीने घाम खरवडला. घाम दाट आला. दाट घाम म्हणजे पोटात अजून चरबी, असं गोंबोजाव म्हणतो. माझ्या मते दाट म्हणजे दर्जेदार.

६ जुलै
डोल्गोर आज बोलली. खूप दिवसांनी. म्हणाली, तुझा शब्द तुझा, पण पातेलं मी चुलीवर ठेवणार नाही, आणि माझ्या भावाकडे या घोड्याचं मांस शिजलं तर हिवाळाभर त्याच्या दारात पाय टाकणार नाही. मी हसून म्हटलं, तशी वेळच येणार नाही. हसू नीट जमलं नाही.
रपेटीला गेलो. आज परीक्षा रद्द करायची, असं ठरवून गेलो होतो. अबलख लाल खडकापाशी आपण होऊन थांबलं. तयारीत एवढी शिस्त आली आहे, हे बघून खडे तीन दिले.

९ जुलै
शर्यतीचा मार्ग जाहीर. यंदा लाल खडकावरून जाणार. उत्तम! त्या वाटेची अबलखला खडान्‌खडा माहिती आहे. गोंबोजावचं शिंगरू ही वाट पहिल्यांदाच बघणार. याला म्हणतात तयारी.

११ जुलै
उद्या. मिशीलने स्वतः शेपटी बांधली. गोंबोजाव येऊन बघून गेला. त्याचं तपकिरी इतकं हलकं झालंय की वाऱ्याने उडेल. खरं सांगायचं तर क्षणभर हेवा वाटला. अबलखचं पोट आजही पोटासारखंच दिसतं.

१२ जुलै, सकाळ
पोरं घोड्यांवरून लांब सुरांचं गाणं गात सुरुवातीच्या जागेकडे गेली. मिशीलचा आवाज मला वेगळा ओळखू आला. ऊन चढलंय. डोल्गोर मांसाच्या तळलेल्या करंज्या घेऊन बसली आहे, खात नाही. मी दुर्बीण घेऊन टेकाडावर.

१२ जुलै, दुपार
धूळ दिसली. पहिलं शिंगरू कोणा परक्या खोऱ्यातलं. दुसरं गोंबोजावचं तपकिरी. लोक धावले. पहिल्या पाचांचा घाम अंगाला लावला की वर्ष चांगलं जातं. तपकिरी रेषेच्या पुढे आलं, आणि तेवढ्यात त्याचे पुढचे पाय दुमडले. पोरगं बाजूला पडलं, हेल्मेटमुळे वाचलं. शिंगरू उठलं नाही. घाम घ्यायला पुढे झालेले हात तसेच राहिले. ओदवाल बाई पाण्याची बादली घेऊन धावल्या. बादली तशीच भरलेली राहिली.
गोंबोजाव जमिनीवर बसला. शिंगराचं डोकं मांडीवर. एवढा मोठा माणूस रडताना मी प्रथमच पाहिला. पदक कोणीतरी त्याच्या शेजारी गवतावर ठेवून गेलं.

आमचं अबलख आलंच नव्हतं. पाच गेले, पंधरा गेले, मग घोळकाच गेला. मग वाट रिकामी झाली. मला पाच काय नि पन्नास काय, काही सुचेना. मिशील कुठे आहे? त्या उन्हात नऊ वर्षांच्या पोरीला मी उगाच शिंगरावर बसवलं. तेव्हा मला घोडा नको होता, शर्यत नको होती. डोल्गोर टेकाडावर चढून आली. तिने माझा हात इतका घट्ट धरला की अजून दुखतोय.
मग एक छोटी धूळ दिसली. मागे पंचांची गाडी. अबलख चालत येत होतं. पळत नव्हतं, चालत. वर मिशील, टोपी... म्हणजे हेल्मेट नीट बांधलेलं.
तिने सांगितलं ते असं. अर्ध्या वाटेपर्यंत अबलख मधल्या घोळक्यात मस्त पळत होतं. लाल खडक आला आणि ते थांबलं. टाच मारली, ओरडली, गाणं म्हटलं. हललं नाही. मान वळवून खडकाच्या मागे बघत राहिलं. सगळे पुढे गेले. आजोबा, ते तुमची वाट बघत होतं, ती म्हणाली.
सगळ्यांसमोर म्हणाली.

१२ जुलै, संध्याकाळ
शिंगरांच्या शर्यतीत शेवटच्याला मान असतो, हे मी इतक्या वर्षांत शंभरदा पाहिलं असेन, पण आपल्याला लागू पडेल असं कधी वाटलं नव्हतं. अबलखला मैदानात फिरवलं. स्तुती गाणारा म्हातारा पुढे आला, लाऊडस्पीकर हातात. शेवटच्याला देतात तशी 'भरल्या पोटाचं' म्हणून त्याने हाक दिली आणि गाऊ लागला : शिंगराचा दोष नाही हो, वाटेत खड्डे होते, ऊन होतं, लगाम नवा होता, आणि ट्रेनर त्सेरेनपिल याला बॉयलर आणि घोडा यातला फरक अजून कळायचा आहे. साऱ्या खोऱ्याने ऐकलं. लोक हसून हसून पडले. मग त्याने अबलखच्या कपाळावर दूध शिंपडलं आणि पुढच्या वर्षी पहिलं ये, असा आशीर्वाद दिला. सगळे एका आवाजात 'तसंच होवो' म्हणाले. त्यात गोंबोजावचा आवाज नव्हता. तो अजून तपकिरीपाशीच होता.

१३ जुलै
गोंबोजाव आला. डोल्गोरने चहा ओतला. मी बाहेर जाऊन अबलखची दोरी सोडली आणि त्याच्या हातात दिली. शब्द म्हणजे शब्द.
त्याने दोरी हाताला गुंडाळली. अबलखने त्याच्या खिशात तोंड घातलं. खिसा रिकामा होता. त्याने विचारलं, दाजी, खरं सांग, याला काय घालत होतास?
माझ्याकडे उत्तर तयार होतं. संयम, मनाची तयारी, नवीन पद्धत, सगळं. तोंडातून निघालं : आरूल.
रोज?
रोज.
लीद हुंगली तेव्हाच मला कळलं होतं, तो म्हणाला. मग अबलखच्या बरगड्यांवरून हात फिरवला. बरगड्या हाताला लागत नाहीत. म्हणाला, कालच्या आशीर्वादानंतर याला कोण कापणार? आणि मी तर आता घोड्याला सुरी लावायचा नाही. दोरी परत दिली. मी हात पुढे केला होता, त्याने ती डोल्गोरच्या हातात दिली.
चहाला बसलो तेव्हा ठरलं. पुढच्या वर्षी अबलखला डोल्गोर तयार करणार, तिचा भाऊ सांगेल तसं, पण पाणी न तोडता आणि ओदवाल बाईंना विचारून. मिशील बसणार. मी काय करायचं ते विचारलं. मग मिशील म्हणाली, आजोबा, शर्यतीच्या महिन्यात तुम्ही आमच्याकडे शहरात येऊन राहा ना.
डोल्गोर म्हणाली, बरोबर आहे पोरीचं.
गोंबोजावनेही मान डोलावली.