शेंडेफळ आज हलकं भरलं

ताई,

कुत्रीच्या दांडग्या पिल्लांना टोपलीत अडवून आधी शेंडेफळाला एकट्याला पाजायचं, हे तू बजावून सांगितलं होतंस. पण त्यांचा आक्रोश मला ऐकवेना. सगळ्यांवर सारखीच माया करावी, म्हणून मी साऱ्यांना एकदमच आईजवळ सोडलं. त्यांनी त्याला रेटून बाजूला सारलं, आणि आज काट्यावर ते कालच्यापेक्षाही हलकं भरलं. माझी माया त्याच्या जिवावर उठली.

मला कामावर निघावंच लागतंय. ते गार पडलंय. आधी कुशीत धरून ऊब दे, मगच मागच्या आचळाला लाव, तिथं दूध अधिक असतं.

तुला हवं तेवढं मला बोल, पण अबोला धरू नकोस. ते गेलंच, तर मागच्या वेळच्या पिल्लासारखं दादाकरवी कळवू नकोस. तूच फोन कर.

धाकटी