परतीचं तिकीट

भिलाई, शनिवार, १६ जानेवारी १९६०

हेडक्लार्कने रबरी चपला फटफटवत ऑफिसात जावं, एवढी आज माझी अधोगती झाली. बूट मेव्हणा वसंता घालून गेला. वनखात्याच्या भरतीत म्हणे मैलोन्‌मैल चालून दाखवावं लागतं. म्हणून सरावाला राजनांदगावपर्यंत गाडीने, परत पायी.

"मधातच गाडीत बसशील. पायी आलास तर मी तुझे पाय चेपून देईन," असं म्हणून परतीचं तिकीटही मीच त्याच्या खिशात कोंबलं होतं.

दिवेलागणीला आला. बूट हातात, टाचा सोललेल्या.

"हे घ्या तुमचं तिकीट, भाऊजी. वाटेत तरसाचे ठसे पाहून राहिलो होतो, म्हणून उशीर झाला. होईन ना मी पास?"

तिकीट कोरंच होतं. बूट त्यालाच देऊन टाकावेत का?

जावयाने मेव्हण्याचे पाय चेपायचे! बायको शेजारी गेल्यावर दार लोटलं, तेल कोमट केलं आणि त्याच्या पोटऱ्या चोळायला बसलो.