दवाखान्यातले दोन साडू

१२ मार्च

प्रिय साडूसाहेब,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमच्याकडे तर छानच असेल, नेहमीप्रमाणे. तुमची शिडी अजून आमच्याकडेच आहे. माळ्याचं काम कधीच उरकलं, पण तुमच्या घरची वस्तू दारात दिसली की आमच्या हिला उगाच बरं वाटतं. लवकरच पोचती करतो.

दुसरं विशेष म्हणजे बेकरीत माझी जागा बदलली. आठ वर्षं भट्टीपुढे पाव भाजले, आता पुढच्या टेबलावर पाव कापतो आणि बांधतो. पगार थोडा उतरला, पण अंगाला वारा लागतो. मालकाला कारण सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग गंभीर झाला आणि मग हळूच डॉक्टरांचा पत्ता विचारला.

शिडी झाली, बेकरी झाली. आता विषयाला हात घालतो.

मागच्या मंगळवारी दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून बाळाच्या लसींचा तक्ता वाचणारे गृहस्थ तुम्हीच होतात. नाही म्हणू नका. इतक्या मन लावून तो तक्ता कुठल्या बाळंतिणीनेही वाचला नसेल. माझंही काही कौतुक नको. तुम्हाला पाहिलं आणि मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. पायात चपला होत्या.

गंमत बघा. मी तिथे गेलो, कारण तिथे फी कमी. तुम्ही एवढ्या लांब आलात, कारण तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. आणि नेमका मी!

माझा रिपोर्ट सांगून टाकतो. शुक्रजंतू कमी आहेत, आणि आहेत तेही आळशी. डॉक्टर म्हणाले, "दिवसभर भट्टीपुढे उभं राहायचं, वर झोप अर्धवट. ही उष्णता मानवत नाही हो. पण तुमच्यासारखे लोक तपासायला येतच नाहीत, खाडा होतो म्हणून. बायकोला पाठवतात."

मी विचारलं, "आणि साहेबलोक?"

"ते दिवसभर खुर्चीत, डोक्याला ताप, हातात सिगारेट. तेही बायकोलाच पाठवतात."

भट्टी सोडली तर फरक पडू शकतो, तीन-चार महिन्यांनी पुन्हा बघू, असं म्हणाले. मी तर हुरळूनच गेलो.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कुणापाशी बोलू नका. मी आईचा काढा पितेय ना, पीत राहीन." अंगात काही कमी नसताना ती रोज नाक दाबून तो काढा पिते आणि वर माझ्याकडे बघून हसते. मला ते बघवत नाही. साहेब, खरंच बघवत नाही.

आमच्या घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला विचारतो, उपाय सांगतो. तुमच्या घरी विचारायची कुणाची टाप नाही. मोठी माणसं, त्यांचं काही ठरलेलं असेल, असं म्हणून सगळे गप्प. मला वाटायचं, ताई सुटली. पण परवा ताई आपल्या या धाकट्या बहिणीला म्हणाली, "तुला विचारतात तरी. मला कुणी विचारतच नाही, मग मी रडायचं कुणापाशी?" तुम्हाला हे ठाऊक नसेल, म्हणून लिहिलं.

रविवारी आपण सगळे सासूबाईंकडे जेवायला आहोत. तिथे हिला आणखी कुणा औषधवाल्याकडे न्यायचं ठरणार आहे. त्याआधीच मी सांगून टाकणार आहे, की कमी माझ्यात आहे, काढा उरला असेल तर इकडे द्या. सासूबाईंच्या हातातला डाव खाली पडेल आणि सासरे चष्मा पुसत बसतील. पडू दे, पुसू दे.

तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, निश्चिंत राहा. तुमचा रिपोर्ट काय आला, तेही मला विचारायचं नाही. फक्त एक मागणं आहे. सासूबाईंकडे दर वेळी तुम्हाला हातांची खुर्ची मिळते आणि मला दाराजवळचं स्टूल. या रविवारी तेवढी खुर्ची उचलून माझ्या शेजारी आणाल? बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं. मी वरवर कितीही थट्टा केली तरी आतून घाबरलोय. बोलताना माझी नजर पुन्हा चपलांकडे जाईल, तेव्हा शेजारी कुणीतरी असलेलं बरं.

आणि बसल्या बसल्या तुम्हालाही काही बोलावंसं वाटलं, तर मी आहेच.

शिडी रविवारी घेऊनच येतो.

शेजारची जागा राखून ठेवणारा,
दाराजवळच्या स्टुलावरचा,
तुमचा धाकटा साडू