पंखा बंद ठेवण्याचं कारण

अभिमन,

आम्ही पहूरला लग्नाला निघालोय. भाजी झाकून ठेवली आहे.

तुला बघायला येणारी मंडळी उद्याऐवजी आजच येऊन गेली. तू तेव्हा स्टॅबिलायझर आणायला धुळ्याला गेला होतास. जळगावच्या मे महिन्यात पंखा बंद का, असं मुलीचे वडील लोटनअप्पांनी विचारलं. नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो, दोष घरातल्या व्होल्टेजचा, म्हणून पंधरा दिवस तू पंखा आणि मिक्सर लावू देत नाहीस, असं तुझ्या वहिनीने सांगून टाकलं.

"पोऱ्या कॉम्प्युटर इंजिनेर शे ना?" म्हणत अप्पांनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. त्यांची तीस वर्षं भुसावळला रेल्वेच्या वायरिंगमध्ये गेली आहेत. कॉम्प्युटरचा डबा उघडून त्यांनी पॉवर सप्लायवरचा कागद वाचला: दीडशे वॅट. मग कार्डाचं खोकं वाचलं: निदान अडीचशे हवेत. त्यांनी जुनं कार्ड परत बसवलं आणि पंखा लावला. तेव्हापासून दोन्ही चालू आहेत. इंजिनिअर नाही, सहा महिन्यांचा कोर्स, तोही अर्धा, हे मग मलाच सांगावं लागलं.

निघताना अप्पा म्हणाले, "पोर आजून धाकली शे." पोर सव्वीस वर्षांची आहे. पायरी उतरता उतरता त्यांनी दुसरं एखादं स्थळ विचारलं. मी तुझ्या मित्राचा, वनाचा पत्ता दिला. त्याच्याकडे कॉम्प्युटर नाही, हे आवर्जून सांगितलं.

दादा