एका पट्टीचे तीन तुकडे

बाबा, धाकट्याची मुलगी गेली. सात वर्षांची होती, तुम्ही गेल्यानंतर जन्मलेली. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात उतरला आणि अकोल्याच्या दवाखान्यात पाचव्या दिवशी संपलं. कुणाजवळ बोलवत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मंगरूळपीरला तुम्ही डॉक्टरांचे कंपाउंडर होता. शाळा सुटली की मी तिथल्या बाकावर येऊन बसायची. मानोऱ्याकडची ऊसतोडीला निघालेली माणसं तापानं फणफणत आत यायची, बाहेर ट्रक उभा असायचा. कपाटात अँटिबायोटिक गोळ्यांची एकच पट्टी उरलेली. तुम्ही कात्रीनं तिचे तीन तुकडे करता, तिघांच्या हातावर ठेवता. "पाच दिवसाच्या पाह्यजेत, पन एवढ्या त घेऊन जाय. बरं वाटंन." एक म्हातारी तुमच्या पाया पडते. तुमच्याइतका भला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढे कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि सुट्टीत आल्यावर जेवताना बोलून गेले, की अर्धवट गोळ्यांनी सगळे जंतू मरत नाहीत, उरतात ते निबर होतात. तुम्ही ताट बाजूला सारलंत. "तू मले शिकवून राह्यली काय? समोर मानूस कन्हून राह्यला, अन् मी त्याले रिकाम्या हातानं वापस धाडू?" मी ताट पुन्हा तुमच्यापुढे सरकवलं.

आता पुण्यात माझं कामच ते आहे. रुग्णाच्या जंतूची जनुकं वाचायची, त्यावरून त्याच्या प्रथिनांचे आकार संगणकावर उभे करायचे आणि औषध त्यांना धरू शकेल का, हे आधीच सांगायचं. प्रथिनातला एखादाच दुवा बदललेला असतो, तेवढ्यानं औषध निसटतं. आपल्या भागातले नमुने उघडले की असे दुवे दिसतात आणि मला तुमची कात्री आठवते. हा तुमच्यावर अन्याय आहे. कोंबड्यांच्या खाद्यात, दुकानांत, मोठमोठ्या दवाखान्यांत ही औषधं किती उधळली गेली, मला ठाऊक आहे. तरी आठवते.

पोरीचा नमुना अकोल्याच्या डॉक्टरांनी आमच्याकडेच पाठवला. संगणकानं एकेक औषध बाद केलं. तिला चालू होतं ते शेवटचंही. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, उत्तर तेच. डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, "माझ्याकडे आता दुसरं काही नाही. घरच्यांना तुम्हीच सांगा."

त्याच संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. "ताई, तुह्या कॉम्प्युटरनं काय सांगतलं? कोनतं औषध लागू पडते?"

"आला नाई रे अजून रिपोर्ट," मी म्हणाले.

त्यानं दोन दिवस वाट पाहिली. अंत्यविधी उरकून त्याच्या घरी आल्यावर, चार माणसांत, तो मला म्हणाला, "तुहा रिपोर्ट लवकर आला असता त वाचली असती पोर." मी उठून आलेल्या माणसांना पाणी दिलं.

रिपोर्ट दुपारीच आला होता, बाबा. त्याला मी अजून सांगितलेलं नाही. उद्या तो इकडे पुण्याला येणार आहे, त्याआधी हे पत्र कुठेतरी दडवून ठेवीन.