लाल, काळा आणि तिसरं कोटेशन

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७.१०
हेवी ड्यूटी डिझेल पिकअप घ्यायचा. टोइंगसाठी. निर्णय झाला. आता ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

कारण लिहून ठेवतो, पुढे घरात वाद झाला तर हाताशी असावं. लेक ईशानी बारावीत. पुढच्या वर्षी या वेळेला ती नेदरलँड्सला कॉलेजात असणार. ती सात वर्षांची असताना मी तिला म्हणालो होतो की आपण तिघं वाळवंटात राहायला जाऊ, नेक्स्ट विंटर. त्याला दहा विंटर झाले. ही शेवटची थंडी. नेणार म्हणजे नेणार.

खालच्या मजल्यावरचा हमीद, आमच्याच ऑफिसात सेल्सला, म्हणाला की अल ऐनजवळ त्याच्या मामेभावाच्या फार्मवर एक कॅरॅव्हॅन आहे, चार जण झोपतील अशी, पाहिजे तेव्हा वापरा सदाभाऊ. मी ठरवलं की ती थेट लिवाच्या वाळूच्या टेकड्यांपर्यंत ओढत न्यायची. कॅरॅव्हॅन आहे, फक्त ओढायला ट्रक नाही. म्हणजे अर्धं काम झालंच.

११ ऑक्टोबर, शनिवार
इथे दुबईतच, अल अवीरला जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो. यूनुसच्या यार्डात दोन ट्रक समोरासमोर उभे. एक लाल, एक काळा. लालचं टॉर्क जास्त. काळ्याचा टर्निंग रेडियस कमी. लाल नऊ टन ओढतो, काळा नऊ टन दोनशे किलो. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. निर्णय व्हायच्या आत कुणाला कळायला नको.

यूनुस पेशावरचा. त्याने विचारलं, साहब खींचना क्या है? मी म्हणालो, कॅरॅव्हॅन. वजन? मी म्हणालो, नऊ टनांच्या आत. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. इतक्या तयारीने आलेलं गिऱ्हाईक त्याला नवीन असावं.

घरी येऊन बायकोला किंमत सांगितली. अनुपमाने मोठ्याने हिशोब केला: दोन लाख ऐंशी हजार दिरहम, गुणिले चोवीस, अरे सदा, सदुसष्ट लाख! मग म्हणाली, बाजारात तुरी. म्हण पूर्ण केली नाही, तेवढा तिने मान राखला.

१३ ऑक्टोबर, सोमवार
हाफ डे टाकून पुन्हा यार्डात. सोमवारी उजेड वेगळा असतो.

हमीद म्हणतोय, सदाभाऊ, एकदा अल ऐनला जाऊन ती कॅरॅव्हॅन बघून तर या. सेल्सवाल्यांचं हे असंच, प्रोसेस समजत नाही. आधी ट्रक, मग कॅरॅव्हॅन.

१९ ऑक्टोबर, रविवार
दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर सासुरवाडीच्या ग्रुपवर बातमी टाकली. थोडक्यात, वजनदार: 'या थंडीपासून टोइंगमध्ये उतरतोय. ऑफिसात आता मन रमत नाही. आशीर्वाद असू द्या.'

पुण्यात एकदम शांतता. कुणाचा फराळाचा फोटोसुद्धा नाही. माणसं भारावली की अशीच गप्प होतात.

२० ऑक्टोबर, सोमवार
निखिलचा, म्हणजे अनुपमाच्या भावाचा, मला वेगळा मेसेज. परवाच डेक्कनवर टोइंगवाल्यांनी त्याची ॲक्टिव्हा उचलून टेम्पोत टाकली म्हणे, दंड भरून सोडवून आणली. त्याचा माझ्याशी काय संबंध? पण पुढे लिहिलं होतं, 'जिजाजी, कुठलंही काम हलकं नसतं.'

बरोबर आहे. हलकं नाहीच. हेवी ड्यूटी आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार
गाडी अडली. कारण तत्त्वाचं आहे. परचेसमध्ये बावीस वर्षं काढली, तीन कोटेशन्स आल्याशिवाय टाचणीसुद्धा घेतलेली नाही. ट्रक मात्र दोनच. तिसरं कोटेशन नसेल तर कंपॅरेटिव्ह शीट होत नाही. शीट नसेल तर निर्णय घ्यायचा कशावर?

हाफ डे टाकून यूनुसला समजावलं. तो म्हणाला, भाईसाब, दो में से एक लेना है ना, तीसरा किसलिए? मी म्हणालो, सिस्टिम. तो म्हणाला, इन्शाल्ला.

८ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी सासूबाईंचा फोन. आवाज फार मऊ. म्हणाल्या, सदानंदराव, उन्हात टोपी घालत जा. आणि लोक शिव्या देतात त्या मनावर घेऊ नका, त्यांची गाडी जाते म्हणून ते चिडतात.

बाई आयुष्यात स्कूटरच्या पुढे गेल्या नाहीत, पण मोठ्या ट्रकबद्दल रस्त्यावर किती मत्सर असतो ते त्यांना बरोबर कळलं. मी म्हणालो, सवय होईल. त्या रडल्या. अनुपमाला फोन दिला. ती बाल्कनीत जाऊन अर्धा तास बोलली, आत आली तेव्हा तोंडावर ओढणी दाबलेली. तिलाही भरून आलं असणार.

९ नोव्हेंबर, रविवार
पार्किंग मोजलं. आमची खूण साडेपाच मीटर, दोन्ही ट्रक साडेसहा. एक मीटर रस्त्यावर येईल. ॲडजस्ट होईल. वॉचमनने टेपचं दुसरं टोक धरलं आणि विचारलं, कुछ बन रहा है क्या यहाँ? मी म्हणालो, देखते जाओ.

ईशानीला विचारलं, लाल की काळा? ती मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, Baba, I just want to see the stars. हे उत्तर शीटमध्ये कुठल्याच कॉलममध्ये बसत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
तिसरं कोटेशन आलं! हाफ डे टाकून स्वतः घेऊन आलो. यूनुसने २००९ची स्कूल बस कोट केली आहे. पिवळी. यार्डात तिसरी डिझेल गाडी तेवढीच होती.

शीट तयार. एकतीस कॉलम. गोची अशी की किमतीत बस सगळ्यात खाली, म्हणजे एल-वन. आमच्या नियमाप्रमाणे एल-वनला ऑर्डर द्यावी लागते, नाही दिली तर लेखी कारण. लेखी कारण मलाच मला द्यायचं आहे. दोन दिवस लागतील.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
कारण लिहिलं, 'टेक्निकली नॉट ॲक्सेप्टेबल'. समाधान झालं नाही. बसला बेचाळीस सीट आहेत.

२४ नोव्हेंबर, सोमवार
निखिलने माझा बायोडाटा मागितला. म्हणाला, जिजाजी, संकोच करू नका, हडपसरला माझी ओळख आहे. त्याच्या रोटरी क्लबात टोइंगवर व्याख्यान ठेवायचं दिसतंय. ताजा बायोडाटा पाठवला. 'स्किल्स'मध्ये भर घातली: टोइंग, नऊ टनांपर्यंत.

१ डिसेंबर, सोमवार
नॅशनल डेची सुट्टी. खरं तर आज जायचं ठरलं होतं. अनुपमाने दशम्या केल्या होत्या, ईशानीने बॅग भरली होती. पण शीटवर सही नाही, मग ट्रक कुठून? दोघींना शांतपणे समजावलं की घाईत घेतलेला निर्णय आयुष्यभर छळतो. अनुपमा म्हणाली, मला माहीत आहे, तो घेऊन एकोणीस वर्षं झाली.

ईशानीने बॅग रिकामी केली. मुलगी समंजस आहे. दशम्या आम्ही बाल्कनीत बसून खाल्ल्या. म्हटलं तर तेही आउटडोअरच.

१० डिसेंबर, बुधवार
काळा. फायनल. हाफ डे टाकून सांगायला गेलो.

संध्याकाळी ५.३०
लालला आज धुतलं होतं. पुन्हा विचार करतो.

१८ डिसेंबर, गुरुवार
हमीदने लिफ्टमध्ये गाठलं. म्हणाला, सदाभाऊ, आता ट्रकचं खलास करा. येत्या गुरुवारी, पंचवीसला, माझ्या गाडीतून यल्ला, सगळे जाऊ. मी आणि हाफिजा भावाकडे झोपू, तुम्ही तिघं कॅरॅव्हॅनमध्ये. शुक्रवारी दुपारी परत. शनिवारपासून पोरीचे प्री-बोर्डचे क्लास आहेत ना? मग नंतर कधी जाणार?

मी म्हणालो, पण ओढणार कशाने? तो म्हणाला, आधी चला तर.

तत्त्वाला मुरड घालून हो म्हणालो. ईशानीने मला मिठी मारली. बऱ्याच महिन्यांनी.

२२ डिसेंबर, सोमवार
रजेचा अर्ज टाकला. एचआरची यम्ना म्हणाली, सर, युअर बॅलन्स इज झीरो. मी म्हणालो, शक्य नाही, मी वर्षभरात कुठेही गेलेलो नाही. तिने यादी काढली. जूनमध्ये पुण्याचे पंधरा दिवस. ते खरं, पण पुणं म्हणजे काही कुठे जाणं नव्हे. बाकी सगळे हाफ डे. ऑक्टोबरपासून तर मंगळवार सोडला तर एकही वार सुटलेला नाही. खाली प्रत्येक ठिकाणी माझीच सही, माझंच कारण: 'पर्सनल, अर्जंट'.

बिनपगारी मागितली. म्हणाली, इयर एंड स्टॉकटेकिंग आहे, परचेसमधून कुणालाच नाही.

या ऑफिसच्या दहा वर्षांत मी एकदाही सिक लीव्ह घेतलेली नाही. खोकून बघितलं. यम्नाने पाण्याची बाटली दिली.

२३ डिसेंबर, मंगळवार
घरी सांगितलं. ईशानी म्हणाली, It's fine. अनुपमा म्हणाली, तू नसलास तरी आम्ही जातोय. आवाज शांत होता. ओरडली असती तर बरं झालं असतं.

निखिल उद्या येतोय, तीन दिवसांसाठी. अचानक तिकीट काढलं. ट्रक बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

२४ डिसेंबर, बुधवार
सगळंच विपरीत.

एअरपोर्टवर निखिलने मला मिठी मारली ती सोडेचना. पार्किंगपर्यंत माझा हात धरून चालला. मग हळूच विचारलं, जिजाजी, दिवसाला किती गाड्या उचलता? कंबर धरत नाही ना? मी विचारलं, कसल्या गाड्या? तो म्हणाला, रस्त्यावरच्या. टोइंगच्या.

पुण्यात टोइंग म्हणजे तेवढंच! इथे त्याला 'रिकव्हरी' म्हणतात, ते त्यांना कुठून माहीत असणार. दोन महिने अख्ख्या सासुरवाडीची समजूत अशी की माझी नोकरी गेली आणि मी दुबईत रस्त्यावरच्या गाड्या उचलून टेम्पोत टाकतो. हडपसरची ओळख म्हणजे एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. सासूबाईंनी माझ्यासाठी सोळा सोमवार धरलेत, आणि नऊ झालेसुद्धा.

निखिलला शीट दाखवली. त्याने एकतीस कॉलम वाचले आणि म्हणाला, मग नोकरी आहे? आहे म्हटल्यावर जरासा हिरमुसला.

अनुपमाला सगळं आठ नोव्हेंबरपासून माहीत होतं. विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, आईला खरं काय ते सांगायला लागले, पण त्यापेक्षा तिची समजूतच बरी वाटली. निदान त्यात तू काहीतरी उचलत तरी होतास.

२५ डिसेंबर, गुरुवार. दुपारी १.१५. ऑफिस
सकाळी आठला निघाले. पुढे हमीद आणि हाफिजाभाभी, मागे अनुपमा, ईशानी आणि निखिल. पाचवी सीट माझी होती. निखिलने विचारलं, मी आलो तर चालेल ना? मी म्हणालो, अरे बस बस. तो ऐसपैस बसला.

मी गोडाऊनमध्ये पाइपांचे फ्लँजेस मोजतोय. चारशे बारा.

दुपारी ४.४०
फोटो आला. कॅरॅव्हॅन आहे. चाकं नाहीत. विटांवर उभी, एका बाजूला सिमेंटचा ओटा, ओट्यावर बोगनवेल, दाराशी कायमचा कूलर. सहा वर्षांपूर्वी चाकं काढून कुणीतरी विकली म्हणे. चारी बाजूंना वाळूच वाळू. हमीदचा व्हॉइस नोट: सदाभाऊ, म्हणून तर म्हणत होतो, एकदा बघून या.

म्हणजे ओढायचं काहीच नव्हतं. नुसतं जाऊन झोपायचं होतं. दीड तास लागतो.

फोन केला की सुटल्यावर मी येऊ का. अनुपमा म्हणाली, कशाला दगदग, सकाळी सहाला तुझं परत स्टॉकटेकिंग आहे. आणि झोपणार कुठे, निखिलने सामान पसरलंय. मागे ईशानी मोठ्याने हसत होती. कशाला हसत होती ते विचारायचं राहिलं.

२६ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी ३.००
बाराला सुटलो. यूनुसचा फोन: साहब, सॉरी, दोनों गाड़ी निकल गई. एक शेख आला, उंटांच्या ट्रेलरसाठी ट्रक हवा होता, चहा पिईपर्यंत दोन्ही घेतले. एक त्याला, एक भावाला. मी विचारलं, त्याला जास्त कुठला आवडला? यूनुस म्हणाला, उसने पूछा ही नहीं. बस अजून आहे म्हणे.

मंडळी दीडला आली. निखिल काळाठिक्कर पडलाय आणि फार खूश आहे. अनुपमा आत अजून हसतेय. ईशानीच्या केसांत वाळू. सोफ्यावर आडवी होऊन मला तारे सांगत होती, किती होते, कसे होते, मामा कसा घोरला. मला फार वाईट वाटत होतं. लिहून ठेवतो, तिला सांगणार नाही.

मग तिने डोळे मिटत विचारलं, So Baba, which one was better? मी म्हणालो, तसं बघायला गेलं तर लालचं टॉर्क जास्त, पण काळ्याचा टर्निंग रेडियस... आणि सगळं नीट समजावून सांगायला लागलो. ओढायच्या क्षमतेपर्यंत पोचलो तेव्हा बघितलं, तर ती केव्हाच झोपली होती. पाय सोफ्याच्या बाहेर आले होते. एवढी उंच कधी झाली, मला कळलंच नाही.