गुरुवारचा चहा

वेंटवर्थव्हिल, सिडनी
नोव्हेंबर २०२०

प्रिय निनाद,

व्हिडिओ कॉलवर आपले बोलणे हवेवरून सुरू होते आणि हवेवरच संपते. तू सांगतोस कोलंबसला थंडी पडली, मी सांगतो इथे उकाडा सुरू झाला. मग तू आईच्या अस्थींचे विचारतोस, मी म्हणतो कपाटात नीट आहेत, आणि तू म्हणतोस, मी येईपर्यंत थांबा, नाशिकला मीच नेणार. मग पुन्हा हवा. म्हणून आज कागद घेऊन बसलो आहे. इथला पोस्टातला माणूस म्हणाला की अमेरिकेचे टपाल सध्या दोन महिने घेते, तेसुद्धा नशीब असेल तर. तेव्हा लिहून झाले की फोटो काढून पाठवीन. अक्षर लागले नाही तर तुझ्या बहिणीला, चारुताला विचार. तिला डॉक्टरांच्या अक्षराची सवय आहे.

तू दर वेळी विचारतोस, बाबा, रुळलात का? फोनवर मी हो म्हणतो. खरे सांगायचे तर मला या देशाचा वीट आला आहे. ओहायोत आपण एकोणतीस वर्षे काढली, आणि तिथे कोणी मला कधी अमेरिकन म्हटले नाही. किराणा दुकानात सुटे पैसे परत देताना माणूस विचारायचा, तुम्ही मूळचे कुठले? गेल्या वर्षी चारुताजवळ राहायला आलो, तर इथे पहिल्याच दिवशी शेजारच्या ग्लेनने माझे दोन शब्द ऐकले आणि कुंपणावरून बायकोला हाक मारून सांगितले की बाजूला एक यँक राहायला आलाय. मी, पुण्याच्या सदाशिव पेठेत वाढलेला माणूस, यँक. आईला इतके हसू आले की ती आत जाऊन बसली.

घराचे तर बोलूच नये. माझे सगळे आयुष्य लोकांची घरे गरम ठेवण्यात गेले. भट्टी, डक्ट, भिंतीतले इन्सुलेशन, हाच माझा धंदा. इथल्या घराला यातले काही नाही. खिडकीला एकपदरी काच, दाराखाली बोट जाईल एवढी फट. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, स्वयंपाकघरात तोंडातून वाफ निघते. मी ग्लेनला हे आकृती काढून समजावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि स्वेटर घाल म्हणाला. हे लोक ब्रिटिशांकडून काय शिकले असतील तर हे. त्रास दूर करायचा नाही, तो सोसायचा, आणि त्याबद्दल बोलणाऱ्याकडे जरा कीव करून बघायचे.

आणि किळस म्हणशील तर ती रोजची आहे. सुपरमार्केटमध्ये माणसे अनवाणी फिरतात. गरीब म्हणून नव्हे, बाहेर चांगली गाडी उभी असते. ग्लेनची बायको मॉरीन साबणाच्या पाण्यात बशा बुडवते आणि फेसासकट तशाच वाळत ठेवते. वरून स्वच्छ पाणी घालायचे नाही. मी हे डोळ्यांनी पाहिले आणि त्या घरात परत काही खाल्ले नाही. पावाला फासतात तो काळा पदार्थ तू चाखला नाहीस ते बरे. मला तो गाडीच्या बेअरिंगला लावायचा वाटला. आणि सगळ्यांत शिसारी आणणारी गोष्ट म्हणजे चॉकलेटच्या बिस्किटाची दोन्ही टोके चावायची, ते गरम चहात धरायचे आणि त्यातून चहा वर ओढायचा. मोठी माणसे करतात हे. आवाज करून.

आई महिन्याभरात हे शिकली. अगदी मॉरीनइतका आवाज करून.

मला तेव्हा राग यायचा. आम्ही दोघे एकाच विमानातून उतरलो, आणि ती सहा महिन्यांत इथली झाली. बस उतरताना ड्रायव्हरला थँक यू ओरडायची. पोळ्या लाटता लाटता फोनवर 'नो वरीज' म्हणायची. शनिवारी मॉरीनबरोबर जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन फुलाफुलांच्या बशा आणायची. मी त्या पुन्हा धुवायचो. ग्लेनची एक ॲल्युमिनियमची लहान होडी आहे, गाडीमागे बांधून नेतो. तिच्यातून ती दोघे आईला हॉक्सबरी नदीवर घेऊन गेली. मला बोलावले होते. मी म्हणालो, त्या होडीला मासळीचा वास मारतो. आई संध्याकाळी परत आली ती साडीचा ओचा ओला आणि नाक उन्हाने लाल झालेले. काय पाहिलेस विचारले, तर म्हणाली, काही नाही, पाणी. जेवताना पुन्हा म्हणाली, खूप पाणी.

मार्चमध्ये सगळे बंद झाले. चारुता हॉस्पिटलमधून यायची आणि खिडकीबाहेर उभी राहून आमच्याशी बोलायची. तिला आत घ्यायचे नाही असे तिनेच ठरवले होते. मी टीव्हीसमोर बसून तुमच्याकडचे आकडे बघायचो. आईने गुरुवारी चहा सुरू केला. दुपारी मोठ्या पातेल्यात आले-वेलची घालून चहा करायचा, आणि पुढच्या अंगणाच्या बुटक्या भिंतीवर नेऊन ठेवायचा. गल्लीतल्या लोकांनी आपापला कप आणायचा, एकेकाने येऊन पळीने भरून घ्यायचा, आणि पुन्हा आपल्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे. मग लांबून एकमेकांशी ओरडून गप्पा. मला तो तमाशा वाटायचा. मी पडदा ओढून घ्यायचो.

मे महिन्यात आई गेली त्याचे तुला सगळे माहीत आहे. ते पुन्हा लिहीत नाही.

पण त्या दिवशीचे एक तुला माहीत नाही. स्मशानात दहाच माणसांना परवानगी होती. तू तिकडे पडद्यावर पाहत होतास आणि चित्र मध्येच अडकले, हे चारुताने मला नंतर सांगितले. त्याआधी तिने अंत्यविधीच्या लोकांना सांगून आईची गाडी आपल्या गल्लीतून आणवली होती, घरावरून एकदा जावी म्हणून. मी मागच्या गाडीत होतो. गल्लीत वळलो तर दोन्ही बाजूंना सगळे आपापल्या फाटकाशी उभे. कोणी पुढे आले नाही, कोणी हात जोडले नाहीत. आणि प्रत्येकाच्या हातात चहाचा कप. ग्लेन अर्ध्या चड्डीत, अनवाणी. आईची गाडी समोरून जाताना त्याने कप तोंडाला लावला आणि एक घोट घेतला. तो घोट मी पाहिला. तुला आठवते, ओहायोत अनोळखी माणसाची अंत्ययात्रा निघाली तरी समोरून येणारी गाडी बाजूला थांबते. शेजारी मिठी मारतात, डबे आणतात, रडतात. खोटे का असेना, करतात. इथे माझी बायको चालली होती आणि हे चहा पीत होते.

दोन दिवसांनी ग्लेन कुंपणाशी आला. खाली बघत म्हणाला, "शी वॉज ऑल राइट, युअर मिसेस." बरी होती म्हणे. मी आत येऊन दार लावले. त्यानंतर त्याच्याशी बोलणे बंद केले.

दहाव्याचेही तुला पूर्ण सांगितले नव्हते. गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर, फोन खुर्चीला टेकवून ठेवलेला. मागच्या अंगणात पिंड ठेवला. इथे कावळे आहेत, मोठे, लहान मूल रडल्यासारखे ओरडतात. दोन येऊन कुंपणावर बसले आणि बसूनच राहिले. चारुता एकेक सांगत गेली. बाबांना मी सांभाळीन. निनादची काळजी करू नकोस. निनाद तुला नाशिकला नेईल. कावळे हलेनात. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून लावा. आता वेंटवर्थव्हिलमध्ये दर्भ कुठून आणायचा, हे आम्ही बोलत होतो, तेवढ्यात एक आयबिस उतरला. हा पांढरा, काळ्या वाकड्या चोचीचा पक्षी दिवसभर कचऱ्याच्या डब्यांत डोके घालून असतो. इथले लोक त्याला कचऱ्यातली कोंबडी म्हणतात. त्याने पिंड दोन घासांत खाल्ला, दहीसुद्धा ठेवले नाही. चारुता आधी हसली आणि मग जी रडायला लागली ती थांबेना. पुण्याहून गुरुजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, पक्षी आहे ना, मग चालेल.

यात काही खूण शोधू नकोस. मी शोधत नाही. कावळे आळशी होते आणि आयबिस हावरा होता.

गेल्या महिन्यात मॉरीन दाराशी आली. आईचे पातेले परत द्यायला. ते तिच्याकडे होते हे मला ठाऊकच नव्हते. मी ते घेऊन दार लावणार होतो, पण ती तिथेच उभी राहिली आणि म्हणाली की तिला पातेले परत द्यायला लाज वाटत होती, कारण तिने त्याच्या बुडाशी दूध जाळले होते आणि ते घासूनही निघाले नाही. कधी जाळले म्हणून विचारले. म्हणाली, त्या दिवशी सकाळी. चारुताने गाडी गल्लीतून जाणार असल्याचे कळवले होते. दहा माणसांत त्यांचा नंबर लागणार नव्हता. जवळ यायला मनाई. मग आईला निरोप द्यायचा कसा, यावर सगळी गल्ली फोनवर बोलत बसली, आणि ठरले की तिचा चहा करायचा. मॉरीनने आले सालीसकट उकळले, वेलची अख्ख्या टाकल्या, चहापत्ती अंदाजाने. घरोघरी जाऊन कपांत ओतून आली. "इट वॉज टेरिबल," ती म्हणाली. "वी ऑल ड्रँक इट."

मी तिला आत बोलावले. चहा केला. माझ्याही चहाला आईची चव येत नाही. मॉरीनने पूर्ण कप संपवला आणि चहा वाईट नव्हता असे म्हणाली. जाताना स्वतःचा कप धुऊन ठेवला, अर्थात फेसासकट. मी तो तसाच राहू दिला.

त्या आठवड्यात चारुता आली तेव्हा तिला मी ग्लेनचे ते वाक्य सांगितले. ती म्हणाली, बाबा, त्याच्या सख्ख्या भावाला जाऊन दहा वर्षे झाली, त्याच्याबद्दलही तो एवढेच म्हणतो. मी दुसऱ्या दिवशी कुंपणाशी गेलो. माफी वगैरे मागितली नाही, इथे ती पद्धत नाही. हवा बरी आहे म्हणालो. तो म्हणाला, वाईट नाही. मग कुंपणाची फळी ठीक करत त्याने सांगितले की नदीवर आई होडीच्या टोकाला बसली होती, पाय पाण्यात सोडून, आणि दुपारभर एक शब्द बोलली नाही. त्याला आधी वाटले तिला बोट लागली. घरी निघायचे का विचारले, तर म्हणाली, अजून थोडा वेळ. असे तीनदा झाले.

आता मी हे का लिहिले ते. तू म्हणशील आईची इच्छा होती का. माहीत नाही. तिने मला काही सांगितले नाही, मॉरीनलाही नाही, आणि मी तिच्या तोंडी काही घालणार नाही. ही माझी इच्छा आहे. मला तुझ्या आईला नाशिकला पाठवायचे नाही. विमाने उद्या सुरू झाली तरी नाही. नाशिकला आपले आता कोणी नाही, तू तिथून कोलंबसला जाशील, मी इथे येईन, आणि ती तिकडे राहील. मला ती ट्रेनने जाता येईल एवढ्या अंतरावर हवी आहे. हॉक्सबरीला इथून दोन गाड्या बदलून जाता येते, स्टेशन नदीलाच लागून आहे, बाकावर बसता येते. मी ओहायोला परत येणार नाही, हेही त्यातच आले. ग्लेन होडी द्यायला तयार आहे, मॉरीन आणि चारुता येतील. होडी मी आधी स्वतः धुणार आहे. पण तू मुलगा आहेस, आणि तू सहा महिने थांबला आहेस. तुझ्याशिवाय मी कपाट उघडणार नाही. चालणार असेल तर नुसते चालेल असे लिहून पाठव, कारण देऊ नकोस, मला ते वाचवणार नाही. चालणार नसेल तर फोन कर आणि स्पष्ट सांग. मी थांबेन, आणि त्या दिवशी आपण हवेबद्दल बोलणार नाही.

तुझाच,
बाबा